एमजीबीच्या क्लचमधले ग्रॅफाइट

टाकीभर पेट्रोलच्या पैशांत सहज मिळणारा एक सुटा भाग बदलायला अख्खे इंजिन गाडीबाहेर काढावे लागते, हे ऐकून नवखा माणूस कपाळाला हात लावतो. एमजीबीचे मालक मात्र साठ वर्षांपासून हेच करत आले आहेत. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली ही स्पोर्ट्स कार बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये तिचे उत्पादन थांबले. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. तिच्या नेहमीच्या चार सिलिंडरच्या आवृत्तीत क्लचचे रिलीज बेअरिंग छर्ऱ्यांचे नव्हते. बिडाच्या कोंदणात घट्ट बसवलेले ग्रॅफाइटचे एक कडे, एवढाच तो ऐवज.

त्याचे काम सोपे आहे. पेडल दाबले की तेलाचा दाब स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो, सिलिंडरची दांडी फोर्क ढकलते आणि फोर्कच्या टोकाला अडकवलेले कडे प्रेशर प्लेटच्या मधोमध असलेल्या गुळगुळीत पोलादी चकतीवर टेकते. चकती इंजिनच्या वेगाने फिरत असते, कडे मात्र जागच्या जागी असते. ग्रॅफाइट मुळातच निसरडे, त्यामुळे ना ग्रीस लागते ना तेल. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या कितीतरी गाड्यांत ही रचना होती. आपल्याकडची ॲम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली, तीही याच गोतावळ्यातली.

ग्रॅफाइट निवडण्यामागे फक्त काटकसर होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एमजीबीत बेअरिंग कुठल्या नळीवरून सरळ सरकत नाही. ते फोर्कवर लटकते आणि फोर्क एका बोल्टभोवती झुलतो, म्हणून बेअरिंगचा प्रवास किंचित कमानीतून होतो. दाबताना ते चकतीवर थोडे खालीवर घासते. ग्रॅफाइटला त्याचे काही वाटत नाही. छर्ऱ्यांच्या बेअरिंगला मात्र आपला मध्य आणि चकतीचा मध्य एका रेषेत हवा असतो.

घोडे अडले ते चालवणाऱ्याच्या पायापाशी. सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून उभे राहायचे ही सवय ग्रॅफाइटला खाते, कारण जितका वेळ पेडल खाली, तितका वेळ घर्षण. न्यूट्रल करून पाय काढणाऱ्याच्या गाडीत हे कडे क्लच प्लेटच्या बरोबरीने टिकते. ‘हाफ क्लच’वर गाडी रेटणाऱ्याच्या गाडीत ते त्याआधीच झिजते, बिडाचे कोंदण चकतीला लागते आणि पेडल दाबताच कर्कश किंचाळी ऐकू येते. त्या आवाजानंतरही गाडी दामटली तर चकतीही गेलीच म्हणून समजायचे.

त्याच काळात ट्रायम्फच्या टीआर मालिकेतल्या गाड्यांत छर्ऱ्यांचे बेअरिंग होते. मग तिथे सारे आलबेल होते का? नव्हते. टीआरचे मालक आजही फोर्कला शाफ्टशी जोडणाऱ्या निमुळत्या पिनच्या नावाने बोटे मोडतात. ती पिन तुटली की तिथे गिअरबॉक्स उतरवणे आले. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड झाल्यावर एमजी आणि ट्रायम्फ एकाच छपराखाली आल्या, तरी एमजीबीतले ग्रॅफाइट शेवटपर्यंत हलले नाही.

खरी पंचाईत झाली ती कारखाना बंद पडल्यानंतर. मूळ क्लच ‘बोर्ग अँड बेक’ या नावाने येत असत आणि ते लेमिंग्टन स्पाच्या ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्सकडे बनत. जुना साठा आटत गेला, नावांचे मालक बदलले आणि नकला आल्या. काहींत कडे कोंदणात सैल, काहींत ग्रॅफाइट भुसभुशीत, काहींत त्याची उंचीच कमी. अशा मालाने थोड्याच काळात दगा दिला की ठपका यायचा तो ग्रॅफाइटवर. याच वैतागातून छर्ऱ्यांच्या ‘कन्व्हर्जन’ बेअरिंगला गिऱ्हाईक मिळाले. त्यातली काही बेअरिंगे छान चालतात, काही वर सांगितलेल्या कमानीच्या प्रवासामुळे घरघरायला लागतात. स्लेव्ह सिलिंडर आपोआप जुळवून घेणारा असल्याने बेअरिंग चकतीच्या अगदी लगत राहते. त्यामुळे छर्ऱ्यांचे बेअरिंग पेडल सोडल्यावरही फिरत राहू शकते, हा हिशेब जाहिरातीत नसतो.

बसवण्याच्या कामात घाई सर्वांत महाग पडते. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खालून उतरत नाही. एकतर इंजिन काढा, नाहीतर दोन्ही एकत्र उचला. म्हणून जाणता मेकॅनिक आधी पेडल दाबायला लावून स्लेव्हच्या दांडीची हालचाल मोजतो. ती साधारण अर्धा इंच भरली नाही, तर दोष पेडलजवळच्या झिजलेल्या पिनचा किंवा तेलात शिरलेल्या हवेचा असू शकतो. त्या क्षुल्लक पिनपायी इंजिने उतरवली गेली आहेत.

इंजिन बाहेर आलेच, तर नुसते बेअरिंग बदलून हात झटकणे शुद्ध आळस. फोर्कचा बुश आणि बोल्ट हाताने हलवून पाहावेत. खेळ असेल तर नवे कडेही तिरके टेकणार. क्रँकच्या टोकातला छोटा बुश आणि तेलाचे सील त्याच वेळी बदलावे, कारण क्लचवर तेल उतरले की प्लेट घसरू लागते. कडे फोर्कमध्ये ठेवून दोन्ही स्प्रिंग क्लिपा नीट अडकल्याची खात्री करावी. ते किंचित डोलले पाहिजे, पण सुटता कामा नये. ग्रॅफाइट ठिसूळ असते. फरशीवर पडून कपचा उडालेले कडे पुन्हा वापरू नये. छर्ऱ्यांचे सीलबंद बेअरिंग घेतले असेल तर ते पेट्रोलच्या डब्यात बुचकळून ‘स्वच्छ’ करू नये, आतले ग्रीसच धुऊन निघते.

प्रेशर प्लेटवर मूळची पोलादी चकती असेल तर चांगल्या प्रतीचे ग्रॅफाइटच घ्यावे. चकती नसलेली, उघड्या पात्यांची प्रेशर प्लेट असेल तर तिच्यासाठीच बनवलेले गोलसर तोंडाचे छर्ऱ्यांचे बेअरिंग घ्यावे, अन् तेही एकाच विक्रेत्याकडून जुळलेल्या संचात. दुकानात जाताना जुने बेअरिंग सोबत न्या आणि नव्यात ग्रॅफाइट कोंदणाच्या किती वर आहे ते व्हर्नियरने मोजून मागा. मोजू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.