वाद्यवृंदातील ड्रमवादकाचे श्रवण आणि लयरक्षण

मराठीत ‘ताल धरणे’ आणि ‘लय राखणे’ असे दोन वाक्प्रचार रूढ आहेत. पहिल्यात बाहेर चाललेल्या कशाचा तरी आधार घेण्याची कल्पना आहे. दुसऱ्यात आपल्यापाशी असलेली वस्तू ढळू न देण्याची. पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात प्रथमच वाजवू लागलेल्या ड्रमवादकाची अडचण नेमकी या दोन क्रियापदांच्या सांध्यावर उभी असते. त्याने इतरांचे ऐकून वाजवावे ही अपेक्षा असते, आणि इतर कसेही वाजवोत, त्याने आपली लय सोडू नये हीही अपेक्षा असते. लय बिघडली की दोष बहुधा त्याच्याच माथी मारला जातो. हा दोष कितपत त्याचा आणि कितपत परिस्थितीचा, हे पाहण्यासाठी एकत्र वादनात प्रत्यक्ष काय घडते ते क्रमाने तपासले पाहिजे.

१. एकट्याची लय

घरी सराव करणाऱ्या वादकाचा सोबती म्हणजे मेट्रोनोम. त्याच्या ठोक्याबरोबर आघात करणे ही वरवर साधी दिसणारी क्रिया प्रतिक्रियेच्या स्वरूपाची नाही. आवाज ऐकून हात हलविण्यास माणसाला सुमारे १५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत दोन मात्रांमधील अंतर ५०० मिलिसेकंद असते. ठोका ऐकून मग वाजवणारा वादक त्या अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने मागे पडेल. तसे होत नाही. उलट, ठोक्याबरोबर बोट आपटण्याच्या प्रयोगांत असे आढळते की बोट सरासरीने ठोक्याच्या किंचित आधीच पडते. संगीताचा सराव नसलेल्या व्यक्तींत हे अंतर अधिक असते, सराव असलेल्यांत कमी. डनलॅप या मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्येच याची नोंद केली होती. याचा अर्थ असा की, ताल हा ऐकून पाळला जात नाही; तो आधीच योजिला जातो, आणि ऐकणे हे त्या योजनेची तपासणी करण्यासाठी असते.

या योजनेतही चूक राहतेच. विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी १९७३ मध्ये तिचे दोन घटक वेगळे केले. अंतरंगातील कालमापनाची अस्थिरता हा एक, आणि हाताने ती आज्ञा अमलात आणताना होणारा कमीअधिक विलंब हा दुसरा. एखादा आघात हाताच्या दिरंगाईने उशिरा पडला, तर त्याच्या आधीचे अंतर लांबते आणि पुढचे तेवढेच आखूड होते. मूळ लय मात्र अभंग राहते. म्हणून दर चुकलेल्या आघातानंतर लय बदलू पाहणारा नवशिका वादक नसलेला रोग बरा करीत असतो.

२. अनेकांची लय

मेट्रोनोम वादकाचे ऐकत नाही; माणूस ऐकतो. एकत्र वादनातील सारा गुंता या एका भेदातून निघतो. जुळवून घेण्याच्या दोन रीती संशोधकांनी वेगळ्या मानल्या आहेत. एकीत गती तीच ठेवून केवळ पुढचा आघात थोडा मागेपुढे सरकविला जातो. ही दुरुस्ती बव्हंशी नकळत होते. दुसरीत गतीच बदलली जाते. तिला अवधान लागते.

आता कल्पना करा की ड्रमवादक बास गिटारवादकाच्या २० मिलिसेकंद पुढे आहे. ड्रमवादकाने संपूर्ण २० मिलिसेकंद थांबून घेतले आणि त्याच क्षणी बासवादकानेही २० मिलिसेकंदांची घाई केली, तर पुढच्या मात्रेला बासवादक २० मिलिसेकंद पुढे जाईल. चूक नाहीशी न होता केवळ बाजू बदलेल. दोघांच्या दुरुस्त्यांची बेरीज एका चुकीएवढी व्हावयास हवी. दोघांनी अर्धी अर्धी दुरुस्ती केली किंवा एकाने बहुतांश आणि दुसऱ्याने थोडी केली, तरच मेळ बसतो. विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन तंतुवाद्य-चतुष्कांचा अभ्यास केला. एका चतुष्कात प्रथम व्हायोलिनवादक इतरांपेक्षा कमी जुळवून घेत होता. दुसऱ्यात हा भार अधिक समप्रमाणात वाटला गेला होता. दोन्ही रीतींनी उत्तम वादन होऊ शकते. कोणती रीत चालली आहे हे परस्परांना उमगणे मात्र आवश्यक असते.

वाद्यवृंदात ड्रमवादकाने कमी झुकावे, इतरांनी अधिक, असा संकेत आहे. त्याला कारण आहे. गायक पुष्कळदा मुद्दाम मात्रेच्या किंचित मागे राहून गातो. ड्रमवादक त्याच्यासाठी थांबला, तर गायक नव्या मात्रेच्याही मागे जातो आणि गीत हळूहळू मंदावते. ख्याल गायनात गायक लयीशी खेळत असताना तबलावादक ठेका अविचल ठेवतो, त्यामागील तत्त्व हेच. गायकाचा खेळ स्थिर ठेक्याच्या पार्श्वभूमीवरच खेळ म्हणून ऐकू येतो.

घाईचा दोषही एकट्या ड्रमवादकाचा मानता येत नाही. ओकानो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले की, बाहेरचा ठोका नसताना दोन व्यक्ती मिळून ताल देऊ लागल्या, तर एकट्यापेक्षा अधिक वेगाने त्यांची गती चढत जाते. एकत्र वादन स्वभावतःच पुढे धावते. ड्रमवादकाचे काम या ओढीला बांध घालण्याचे आहे. ती ओढ त्याने एकट्याने निर्माण केलेली नसते.

३. ऐकू येते ते काय?

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. रंगमंचावर १० मीटर दूर असलेल्या गिटारच्या ध्वनिवर्धकाचा स्वर ड्रमवादकाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी ऐकू येतो. त्याचा स्नेअर ड्रम मात्र जवळजवळ तत्क्षणी. त्याने ऐकलेल्या स्वराशी जुळवले आणि गिटारवादकानेही तसेच केले, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. चेफ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निरनिराळ्या खोल्यांत बसविलेल्या जोड्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या आणि मधला विलंब कमीअधिक केला. विलंब अगदी अल्प असता गती वाढत गेली; तो लांबत गेला तशी ती मंदावत गेली.

वादकाजवळ ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचे किंवा कानातील इअरफोनचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. विद्युत्‌प्रवाहाने आलेला स्वर हे अंतर जवळजवळ पुसून टाकतो. परंतु सर्व वाद्ये भरून घेतलेला मॉनिटर निरुपयोगी ठरतो. बास गिटार, मुख्य गायन आणि लय दाखवणारे एखादे वाद्य एवढे स्पष्ट असले की पुरते. शिवाय ध्वनी सुरू होण्याचा क्षण आणि त्याची मात्रा जाणवण्याचा क्षण एकच नसतो. मॉर्टन, मार्कस आणि फ्रँकिश यांनी १९७६ मध्ये उच्चारित शब्दांविषयी हे दाखविले. त्या क्षणाला त्यांनी प्रतीतिकेंद्र अशा अर्थाची संज्ञा दिली. हाय-हॅटचा तीक्ष्ण आघात आणि बासचा सावकाश उमलणारा स्वर यांना हीच दृष्टी लागू पडते. त्यांचे आरंभ जुळवण्यापेक्षा त्यांची जाणवणारी केंद्रे जुळवावी लागतात, आणि ती केवळ कानानेच सापडतात.

लोंबार्ड या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये नोंदविलेला परिणामही येथे दिसतो. कोलाहलात माणूस नकळत आवाज चढवतो. ड्रमवादक स्वतःला ऐकू यावे म्हणून जोर करतो. गिटारवादक ध्वनिवर्धक वाढवतो. मग ड्रमवादक आणखी जोर करतो. जोर वाढला की गतीही वाढण्याचा धोका असतो. याहून मोठी हानी श्रवणाची. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा ध्वनी दिवसाला ८ तास सहन करावा. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते, आणि ड्रमच्या जवळ ही पातळी सहज गाठली जाते. ज्या इंद्रियावर लयीची तपासणी अवलंबून आहे, तेच अशा रीतीने झिजते आणि पुन्हा भरून येत नाही. म्हणून कानातील संरक्षक बोळा हे ड्रमवादकाच्या साधनांपैकीच एक मानले पाहिजे. एका कानातील इअरफोन काढून ठेवण्याची सवयही घातक. उरलेल्या कानातला आवाज मग वाढवावा लागतो.

४. भाषेशी नाते

भाषाभ्यासकाला हे सारे परके वाटणार नाही. स्टीव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतील संभाषणे तपासली. प्रश्न आणि उत्तर यांमधील अंतर बहुधा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आढळले. उत्तर देणारा प्रश्न संपण्याची वाट पाहत नाही. तो शेवट आधीच ओळखतो. १९५० च्या सुमारास ली यांनी दाखविले की स्वतःचे बोलणे थोड्या विलंबाने कानी आले की वक्ता अडखळतो. सुमारे २०० मिलिसेकंदांच्या विलंबाला हा त्रास तीव्र असतो. लेव्हेल्ट यांनी १९८३ मध्ये वक्त्याच्या स्वनिरीक्षणाचे जे विवेचन केले, त्याचा गाभाही हाच आहे. योजना पुढे, तपासणी मागे, आणि दुरुस्ती अखंड.

अचूकपणाची कल्पनाही यावरून सुधारून घ्यावी लागते. मायकेल मॅकडोनल्ड यांच्या ‘आय कीप फर्गेटिन’ (१९८२) या गीतातील जेफ पोर्कारो यांच्या हाय-हॅट वादनाचे रॅसानेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये विश्लेषण केले. त्या विख्यात वादकाचेही आघात घड्याळासारखे नव्हते. त्यांतील सूक्ष्म चढउतार परस्परांपासून स्वतंत्र नसून दीर्घकाळ एकमेकांशी संबद्ध होते. नवशिक्या ड्रमवादकाने यंत्र होण्याची धडपड करावयाची नसते. लहान चुका विरू द्याव्यात, गती मात्र सहजासहजी बदलू नये, आणि कोणाचे ऐकावयाचे हे वादनापूर्वीच ठरवावे. असे केल्यास ‘ताल धरणे’ आणि ‘लय राखणे’ या दोन क्रियांतील विरोध मावळतो. किंबहुना एकीवाचून दुसरी शक्य नाही, हे त्याच्या हातालाच कळू लागते.