अर्धा ज कुठंय?

सिडकोत, एन-सातला माझी मावशी राहते. गेल्या रविवारी ती गावाकडं फोनवरून निरोप लिहीत होती. ‘ज्वारी’ लिहायचं होतं. बोट ‘ज’पाशी येऊन थांबलं. “अर्धा ज कुठंय रे?” मी बोललो नाही. तिनं ‘जवारी’ लिहिलं आणि म्हणाली, “जाऊ दे, मला नाही जमायचं हे.”

मी मुद्दामच गप्प होतो. वापरणाऱ्याचा अनुभव अभ्यासायच्या शास्त्रात, म्हणजे यूएक्स रिसर्चमध्ये, युजेबिलिटी टेस्ट अशीच करतात. माणसाला खरंखुरं काम द्यायचं, शेजारी बसायचं, शिकवायचं मात्र नाही. मनात येईल ते त्यानं मोठ्यानं बोलायचं, हे झालं थिंक-अलाउड. आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये ही पद्धत संगणकाच्या चाचण्यांत आणली. “सोपं वाटलं ना?” असं विचारायचं नाही, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो.

मावशीच्या त्या एका प्रश्नात खूप काही होतं. ‘ज’चा पाय मोडायचा आणि ‘व’ला जोडायचा, हे आपण शाळेत शिकलो. संगणकाकडं अर्धा ज नाहीच. त्याच्या लेखी ज्वा म्हणजे ज, हलन्त (पाय मोडायची खूण), व आणि काना, एकामागून एक. वस्तू कशी चालते याचं आपल्या मनातलं चित्र म्हणजे मेंटल मॉडेल. मावशीचं चित्र वेगळं, यंत्राचं वेगळं. पहिल्या वेलांटीचंही तसंच: ती दिसते अक्षराआधी, फोनवर उमटवायची अक्षरानंतर. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्या कारकुनाचं बोट आधी वेलांटीकडंच जाणार.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड आणला, तो मावशीच्या मनातल्यासारख्या चित्राला धरून. अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं. हव्या त्या बाजूला बोट सरकवायचं आणि उचलायचं. बाराखडी येणाऱ्याला वेगळं शिकावं लागत नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

यूएक्स म्हणजे ‘यूजर एक्स्पिरियन्स’. हा शब्द डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये रुजवला. त्याआधी त्यांनी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचा ‘अफोर्डन्स’ हा शब्द डिझाइनमध्ये आणला होता: वस्तू आपल्याला काय करू देते ते. काचेच्या दाराला उभी मूठ दिसली की हात ओढायलाच जातो. दार ढकलायचं असेल तर चूक हाताची नव्हे, मुठीची. मावशीचंही तसंच.

चाचणीला माणसं किती? युजेबिलिटीचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा अंदाज प्रसिद्ध आहे: पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. मात्र पाचही जण एकाच कॉलेजातले असतील तर त्या आकड्याला अर्थ नाही. माझ्या शहरात शहागंजातला उर्दू वाचणारा दुकानदार हवा, कन्नड तालुक्यातून एसटीनं आलेली आजी हवी. ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांना तर आधी बोलवावं.

मावशीच्या फोनवर मी स्वरचक्र टाकून दिलं. ‘ज’भोवती चक्र उमटलं, त्यातला पाय मोडलेला ज तिनं बरोबर ओळखला आणि ‘ज्वारी’ लिहिली. पुढचा शब्द होता ‘काढणाऱ्या’. बोट पुन्हा थांबलं. मी कागद ओढून लिहून घेतलं: ‘ऱ्या’.