मोकळी रॅम म्हणजे चांगली रॅम? चाकणच्या एका लाइनवर मी शिकलेला धडा

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवातीला एक प्रश्न. तुमच्या फोनमध्ये 'रॅम क्लीनर' किंवा 'बूस्टर' नावाचं काही आहे का? बटण दाबलं की रॉकेट उडतं आणि 'एवढी मेमरी मोकळी झाली' असं लिहून येतं? असेल, तर हा भाग तुमच्यासाठी आहे. थोडा माझ्यासाठीही आहे, कारण बीटेक करून, पगार घेऊन मी हीच चूक एका चालू लाइनवर केली होती.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणारा एक कारखाना. नाव नको. तिथे लाइनच्या शेवटी कॅमेरा बसवलेला. पार्ट आला की फोटो काढायचा, साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बघायचा, ओके किंवा रिजेक्ट सांगायचं. मागे एक साधा पीसी, ८ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क आणि लिनक्स. तक्रार अशी की शिफ्ट संपताना कॅमेरा मधेच अडखळतो. अडखळला की पार्ट रांगेत थांबतात, आणि मागचे ऑपरेटर हात बांधून उभे.

मी 'फ्री' कमांड चालवली. 'फ्री'च्या रकान्यात जेमतेम २०० एमबी, 'बफ-कॅशे'च्या रकान्यात ५ जीबीच्या वर. म्हटलं, सापडलं! दर दहा मिनिटांनी 'ड्रॉप कॅशेस' चालेल अशी एक ओळ क्रॉनमध्ये टाकली आणि पिंपरीला घरी आलो.

रात्री शिफ्ट इनचार्जचा फोन. "सर, आधी शिफ्ट संपताना अडकायचं. आता घड्याळ लावल्यासारखं दर दहा मिनिटांनी अडकतंय. तुम्ही काही लावून ठेवलंय का?"

लावून ठेवलं होतं, साहेब. मीच.

पेज कॅशे म्हणजे काय?

(इंग्रजीत उच्चार 'कॅश' असाच आहे. पैशाशी गोंधळ नको म्हणून मी 'कॅशे' म्हणतोय.)

फाइल डिस्कवरून वाचली की कर्नल तिची प्रत रॅममध्ये ठेवतो, ४ केबीच्या तुकड्यांत. या तुकड्याला 'पेज' म्हणतात. पुन्हा तीच फाइल लागली तर डिस्ककडे जायचं कामच नाही. फरक केवढा? रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद. फिरत्या हार्डडिस्कवर योग्य जागी पोचायलाच ५ ते १० मिलिसेकंद. म्हणजे पन्नास हजार ते एक लाख पट.

कारखान्याच्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे लांबचं स्टोअर आणि पेज कॅशे म्हणजे मशीनशेजारचा रॅक. रॅक रिकामा असेल तर कौतुक कसलं? दर पार्टसाठी स्टोअरला पळावं लागेल. मी दर दहा मिनिटांनी तेच करायला लावत होतो. नमुन्यांच्या फाइली रॅकवरून फेकायच्या आणि कॅमेऱ्याने त्या परत स्टोअरमधून आणायच्या.

कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय की 'ड्रॉप कॅशेस' हे कॅशे आटोक्यात ठेवायचं साधन नाही, आणि त्याने कामगिरी बिघडू शकते. मी ते नंतर वाचलं. आपण सगळेच नंतर वाचतो.

मग जागा कोण करतं?

कर्नल स्वतः. याला 'रिक्लेम' म्हणतात, म्हणजे दिलेली मेमरी परत घेणं. त्यासाठी तीन खुणा असतात: हाय, लो आणि मिन. पाण्याच्या टाकीवर असतात तशाच. मोकळी मेमरी 'लो'च्या खाली गेली की 'के-स्वॅप-डी' नावाचा कर्नलचा कामगार जागा होतो आणि 'हाय'पर्यंत जागा करून परत झोपतो. हे मागे चालतं, तुम्हाला कळतही नाही.

पण मागणी इतकी जोरात आली की त्याला झेपेना, आणि पातळी 'मिन'च्या खाली गेली, तर ज्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली त्यालाच थांबवून आधी जागा करायला लावतात. हा 'डायरेक्ट रिक्लेम'. स्क्रीन गोठते, बोट फिरवलं तरी काही हलत नाही, त्यामागे बरेचदा हाच असतो.

काय सोडायचं, हे कसं ठरतं?

वर्षानुवर्षं लिनक्समध्ये दोन याद्या होत्या: अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह. फाइलचं नवं पेज इनअ‍ॅक्टिव्हमध्ये येतं. पुन्हा वापरलं गेलं तर बढती मिळून अ‍ॅक्टिव्हमध्ये जातं. सोडायची वेळ आली की इनअ‍ॅक्टिव्हच्या शेपटीकडून सुरुवात. त्यामुळे एकदाच वाचलेल्या मोठ्या फाइलने रोज लागणाऱ्या फाइली सहसा बाहेर ढकलल्या जात नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ मध्ये नवी पद्धत आली, 'मल्टी-जेन एलआरयू'. ती गूगलच्या यू झाओ यांनी लिहिली. दोन याद्यांऐवजी पेजच्या पिढ्या करायच्या आणि सगळ्यात जुनी पिढी आधी सोडायची. लो मेमरीच्या फोनना आणि क्रोमबुकना याचा मोठा फायदा झाला.

आणखी एक भारी युक्ती आहे. पेज बाहेर काढताना कर्नल त्याच्या जागी एक छोटी खूण ठेवतो. तेच पेज थोड्या वेळात परत मागितलं, तर त्याला कळतं की आपण चुकीचं फेकलं. याला 'रिफॉल्ट' म्हणतात. रिफॉल्ट सतत वाढत असतील, तर मेमरी खरंच कमी पडतेय.

मग माझ्या लाइनचा खरा दोष काय होता?

पेज दोन प्रकारची असतात. 'क्लीन', म्हणजे डिस्कवर तशीच प्रत आहे, लगेच सोडता येतं. आणि 'डर्टी', म्हणजे रॅममध्ये बदल झालाय पण अजून डिस्कवर उतरलेला नाही. ते सोडण्याआधी लिहावंच लागतं. मशीनवरचा अर्धवट जॉब कुणी स्टोअरला परत पाठवत नाही ना, तसंच.

नेहमीच्या सेटिंगमध्ये डर्टी पेज उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की कर्नल मागे लिहायला सुरुवात करतो. २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच ब्रेक लावतो.

आता जुळवा. शिफ्ट संपताना एक स्क्रिप्ट दिवसभराचे फोटो यूएसबी डिस्कवर कॉपी करायची. ती डिस्क मंद. डर्टी पेजचा ढीग साचायचा, आणि ब्रेक कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टबरोबर फोटो लिहिणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमलाही लागायचा. रॅम भरली म्हणून कॅमेरा थांबत नव्हता, लिहिण्याची वाट तुंबली म्हणून थांबत होता. आणि 'ड्रॉप कॅशेस' डर्टी पेजना हातही लावत नाही! म्हणजे दोष होता तिथे माझ्या औषधाचा उपयोग शून्य, आणि जे धड चालत होतं ते मात्र मी बिघडवलं.

उपाय साधा निघाला. क्रॉनची ओळ काढली. डर्टी पेजच्या दोन्ही मर्यादा खाली आणल्या, म्हणजे लिखाण थोडं थोडं, सतत होईल. कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टचा वेग बांधला आणि तिला सांगितलं की प्रत्येक फाइल आधी डिस्कवर उतरव, मग 'ही आता नको' असं कर्नलला कळव. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलली तरी लाइन चालूच. इनचार्ज एवढंच म्हणाले, "आता रात्री फोन करायला लागणार नाही ना?"

आता तुमच्या फोनकडे येऊ

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे. अ‍ॅपचा कोड हीसुद्धा फाइलच, तिची पेजही याच कॅशेत बसतात. मेमरी कमी पडली की कर्नल फाइलची पेज सोडतो, बाकीची काही दाबून 'झी-रॅम'मध्ये ठेवतो. तरी भागलं नाही तर 'एलएमकेडी' नावाची सेवा मागची अ‍ॅप्स बंद करते. अँड्रॉइड १० पासून ती 'प्रेशर' हे माप बघू शकते, म्हणजे मेमरीपायी कामं किती वेळ अडकून पडली. मोकळी रॅम किती, यापेक्षा हा प्रश्न जास्त शहाणा आहे.

क्लीनर अ‍ॅप काय करतं? मागची अ‍ॅप्स मारतं. आकडा छान दिसतो. पाच मिनिटांनी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडता, ते पहिल्यापासून सुरू होतं. बॅटरी जाते ती वेगळीच.

लिनक्स वापरत असाल तर तीनच गोष्टी बघा. 'फ्री'च्या आउटपुटमध्ये 'अव्हेलेबल' हा रकाना, 'फ्री' नव्हे. प्रॉक फोल्डरमधली मेमरी प्रेशरची फाइल. आणि रिफॉल्टचा आकडा वाढतोय का. अव्हेलेबल भरपूर आणि प्रेशर शून्याजवळ असेल, तर रॅमला हात लावू नका. दोष दुसरीकडे शोधा, माझा यूएसबी डिस्कमध्ये सापडला तसा.

आणि फोनवरचं ते रॉकेट? ते आजच अनइन्स्टॉल करा. भेटू पुढच्या भागात!