अधिकाऱ्यांची शेअरविक्री आणि भागधारकांची चिंता

कंपनीच्या उज्ज्वल भवितव्याची ग्वाही देणारे अधिकारीच स्वतःकडील समभाग विकू लागले, की सामान्य भागधारकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. खाण कंपन्यांबाबत ही शंका अधिक गंभीर असते. कारखाना डोळ्यांना दिसतो. जमिनीखालील खनिजाची माहिती मात्र भूगर्भशास्त्रज्ञांच्या अहवालांतूनच मिळते आणि ती प्रथम कंपनीतील मोजक्या व्यक्तींच्याच हाती येते.

कॅनडातील 'ब्रे-एक्स' हे याचे ठळक उदाहरण. इंडोनेशियात बोर्निओ बेटावरील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचा दावा या कंपनीने केला. फेब्रुवारी १९९७ मध्ये हा आकडा ७ कोटी १० लाख औंसांवर नेण्यात आला. मात्र, पुढच्याच महिन्यात 'फ्रीपोर्ट-मॅकमोरान' कंपनीने तेथे स्वतंत्रपणे खोदकाम करून पाहिले, तेव्हा सोने नगण्य असल्याचे आढळले. खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळण्यात आले होते, हे मे महिन्यात स्वतंत्र तपासणीतून उघड झाले आणि समभाग कवडीमोल झाले.

कंपनीचे मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ जॉन फेल्डरहॉफ यांनी १९९६ मध्येच सुमारे ८ कोटी ४० लाख कॅनेडियन डॉलरचे समभाग विकले होते. ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने १९९९ मध्ये त्यांच्यावर 'इन्सायडर ट्रेडिंग'चा आरोप ठेवला. परंतु २००७ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. विक्रीच्या वेळी त्यांना फसवणुकीची माहिती होती, हे सिद्ध होऊ शकले नाही.

येथेच कायद्याचे मर्म आहे. अधिकाऱ्याने समभाग विकणे हा गुन्हा नव्हे. घरखरेदी, करभरणा अशी त्याची कारणे साधीही असू शकतात. जाहीर न झालेल्या, भावावर परिणाम करणाऱ्या माहितीच्या आधारे व्यवहार करणे हा गुन्हा होय. भारतात 'सेबी'च्या २०१५ च्या नियमांनुसार प्रवर्तक, संचालक आदींचे एका तिमाहीतील दहा लाख रुपयांहून अधिक रकमेचे व्यवहार शेअर बाजाराला कळविले जातात.

ही माहिती वाचताना भागधारकाने काही प्रश्न विचारावेत. विक्री एकाची की अनेकांची? एकूण धारणेच्या किती टक्के? मोठ्या घोषणेच्या आगेमागे झाली का? आणि खाण कंपनी असेल, तर साठ्याची खातरजमा त्रयस्थाने केली आहे का? ब्रे-एक्सच्या भागधारकांना पहिल्या तीन प्रश्नांनी सावध केले असते. सत्य मात्र शेवटच्याच प्रश्नाने बाहेर आले.