आवाज चोरला तर वकील काय करतो?

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना मी जरा भरभर गेले होते. कलमं-बिलमं कानावरून गेली असतील, म्हणून इथे सावकाश लिहिते.

विषय आला तो शिवऱ्यातून, म्हणजे माझ्याच गावातून. खेड-शिवापूर टोलनाक्याजवळचं, भोर तालुक्यातलं शिवरे. तिथल्या बारावीतल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज होता: "ताई, घरचे म्हणतात बीसीए कर. मला वकिली करायचीय. पण सगळे म्हणतात वकिलांचं काम आता एआयच करणार. आणि तुम्ही कोर्टात जाताना पण दिसत नाही. मग तुम्ही नेमकं करता काय?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे वकील म्हटलं की भोरचं कोर्ट डोळ्यांपुढे येतं. वाटप, बांध, वहिवाटीचा रस्ता, खरेदीखत. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे मालमत्ता डोळ्यांना दिसत नाही. कुणाचा आवाज, कुणाचा चेहरा, कुणी लिहिलेलं गाणं, कुणाच्या मोबाइलमधले नंबर. जमिनीला सातबारा असतो, आवाजाला नसतो. तरी तो कुणाचा आहे आणि दुसऱ्याने तो कशासाठी वापरायचा, हे ठरवावंच लागतं. ते ठरवायला मदत करणं, हे माझं काम.

उदाहरणच घेऊ. आशा भोसले यांचा आवाज ओळखायला कुणाला नाव सांगावं लागतं का? एआयची अशी साधनं निघाली की तुम्ही तुमच्या आवाजात गा, बाहेर पडताना तो आशाताईंचा आवाज होऊन निघेल. शिवाय त्यांचे फोटो छापलेल्या वस्तू ऑनलाइन विकल्या जात होत्या. आशाताई मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २९ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी अंतरिम आदेश दिला. कुणाही प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज तिच्या परवानगीशिवाय बनवून देणारं साधन लोकांच्या हातात देणं, हाच त्या व्यक्तीच्या हक्कावर घाला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे नक्कल करणारा तर जबाबदार आहेच, नकलेचं यंत्र विकायला बसणाराही सुटत नाही. त्याआधी जुलै २०२४ मध्ये याच न्यायालयात न्यायमूर्ती आर. आय. छागला यांनी अरिजित सिंग यांच्या बाबतीत अशाच प्रकारचा आदेश दिला होता.

आता गंमत बघा. "एआयने आवाज चोरू नये" असं सांगणारं कलम तेव्हा कुठल्याच कायद्यात नव्हतं. मग वकिलांनी काय पुढे ठेवलं?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात 'परफॉर्मर' कोण, याची यादी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, आणि व्याख्यान देणारासुद्धा. हो, गारुडी खरंच आहे त्यात. माझ्या मते कीर्तनकारही याच यादीत बसतात आणि माइकसमोर बडबडणारी मीही बसते. आपल्या सादरीकरणाची मोडतोड करून कुणी आपली बदनामी करत असेल, तर त्याला अडवण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने या सगळ्यांना दिला. पण एआय नक्कल करतं तेव्हा मूळ रेकॉर्डिंगची कॉपी काही बाहेर येत नाही. न गायलेलं गाणं 'गायलेलं' निघतं. तिथे कॉपीराइट अपुरा पडतो. म्हणून 'व्यक्तिमत्त्वाचे हक्क' पुढे येतात: नाव, चेहरा, आवाज, बोलण्याची लकब. हे हक्क कुठल्या एका कायद्यात लिहिलेले नाहीत. न्यायालयांनी ते एकेका निकालातून उभे केले आणि त्यांचं एक मूळ खासगीपणाच्या हक्कात आहे.

खासगीपणाचा हक्क म्हटलं की पुट्टस्वामी निकाल आलाच. २४ ऑगस्ट २०१७. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात आपल्या जिल्ह्याचा एक धागा आहे. मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड यांचं घराणं मूळचं कनेरसरचं. खेड तालुका, पण आपलं खेड-शिवापूर नव्हे, राजगुरुनगरचं खेड. त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालात वडील बहुमताच्या बाजूने होते, तो निकाल मुलाने या निकालपत्रात चुकीचा ठरवला. कायदा घरातल्या नात्यांकडे बघत नाही, याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

बरं, कायदा सापडला. पुढचं खरं काम पुराव्याचं असतं आणि ते बरंचसं संगणकापुढे बसून होतं, म्हणून मी कोर्टात कमी दिसते. लोक स्क्रीनशॉट पाठवतात आणि म्हणतात, झालं ना? नाही झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' द्यायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. व्हिडिओतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. मग विरोधी वकिलाला "हे नंतर बनवलं" म्हणणं जड जातं. म्हणून माझा सल्ला एकच: असं काही दिसलं तर आधी लिंक, तारीख, वेळ आणि मूळ फाइल जपा, शिव्या नंतर घाला.

मग प्रतिवादी शोधायचा. चॅनेलवर नाव नाही, फोटो नाही. अशा वेळी अनोळखी माणसाविरुद्धही दावा लावता येतो. इंग्रजांकडे त्याला 'जॉन डो' म्हणतात, आपल्या कोर्टांनी त्याचं बारसं 'अशोक कुमार' असं केलंय. जगातले सगळे खरेखुरे अशोक कुमार बिचारे!

पण आशाताईंचा आवाज देशाला माहीत आहे. गावातल्या सप्ताहात कीर्तन करणाऱ्या महाराजांचं काय? भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या काकांचं काय? इथे खरं सांगते, व्यक्तिमत्त्वाच्या हक्काच्या बहुतेक केसेस प्रसिद्ध माणसांच्याच आहेत. ज्यांची प्रसिद्धी विकली जाते, त्यांचं नुकसान कोर्टाला पटकन दिसतं. साध्या माणसासाठी खरी लढाई कोर्टाच्या आधी, सहीच्या वेळी असते.

समजा एक कंपनी गावात आली. "महाराज, चार कीर्तनं रेकॉर्ड करू, हे घ्या पैसे, इथे सही करा." कागद इंग्रजीत. त्यात लिहिलंय, सगळे हक्क कंपनीला. महाराजांनी 'हो' म्हटलं ते कॅसेटसारखं काहीतरी निघेल म्हणून. त्याच आवाजावर यंत्र शिकवून उद्या कुणी त्यांच्या तोंडून सिमेंटची जाहिरात बोलवून घेतली तर? इथे १९५७ चा म्हातारा कायदा बराच कामाला येतो. हक्क देताना किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल, तर पाचच वर्षं धरायची. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल, तर फक्त भारत. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्याचे हक्क दिले असं होत नाही. हे नियम परफॉर्मरनाही लागू होतात. जुन्या करारातल्या आवाजावर एआय शिकवणं हा 'नवा प्रकार' मानायचा का, यावर वकील भांडतील. मी महाराजांच्या बाजूने भांडेन. नव्या करारात मात्र मी सरळ ओळच घालते: या रेकॉर्डिंगचा वापर कुठलीही एआय प्रणाली शिकवण्यासाठी किंवा आवाज तयार करण्यासाठी करायचा नाही. एक ओळ असते, पण तिच्यावर दोन-दोन आठवडे मेल चालतात. माझ्या पगाराचा मोठा भाग अशा ओळींचाच आहे.

तिसरा भाग तुमच्या-माझ्या मोबाइलचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिने दिले. ज्याचा डेटा तो 'डेटा प्रिन्सिपल', आणि जो तो वापरतो तो 'डेटा फिड्युशिअरी'. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. देवस्थानाचा विश्वस्त जसा देवाच्या पैशाचा मालक नसतो, तसंच. निदान नाव तरी चांगलं ठेवलंय.

कायद्यातच एक छान उदाहरण दिलंय. डॉक्टरचा सल्ला देणारं अ‍ॅप तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागतं. तुम्ही दोन्हीला 'हो' दाबलं. तरी संमती फक्त सल्ल्यापुरती धरली जाते, कारण ताप बघायला मामाचा नंबर लागत नाही. संमती ज्या कामासाठी, तेवढ्यापुरतीच. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वय १८ च्या आत असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी.

आणि शिवऱ्याच्या त्या मुलीने हे खास वाचावं: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय कंपनीने द्यायचा आहे. त्यात मराठी आहे. आता मला येणारे मराठी मसुदे बघितले की डोकं फिरतं. यंत्राने केलेलं भाषांतर, वाक्याला शेंडा ना बुडखा. आपल्या आजीला वाचून कळेल अशी चार ओळींची सूचना लिहायला कायदाही यावा लागतो आणि मराठीही. दोन्ही येणारी माणसं मला तरी फार भेटत नाहीत.

"एआयच सगळं करणार" याबद्दल. मीही रोज एआय वापरते. शंभर पानांच्या करारातून मुदतीची कलमं शोधायला ते माझ्यापेक्षा भराभर चालतं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे केएमजी वायर्स या कंपनीची प्राप्तिकराची केस आली. कर आकारणीच्या आदेशात आधार म्हणून दिलेले न्यायालयीन निकाल अस्तित्वातच नव्हते! न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि एआयच्या काळात मिळालेली माहिती तपासल्याशिवाय वापरू नका, अशी समज दिली. न झालेला निकाल छातीठोकपणे सांगणारा ज्युनियर कुणी ठेवून घेईल का? त्यामुळे काम जाणार नाही असं मी म्हणत नाही. नुसतं टायपिंग, नुसता फॉर्म भरणं, नुसतं कॉपी-पेस्ट करून नोटीस पाठवणं, हे जाणार. तपासणारा आणि सहीची जबाबदारी घेणारा माणूस लागणार.

आता घरच्यांचा मुद्दा, कारण तिथेच गाडी अडलीय. बीसीए की वकिली, असं भांडण करायची गरजच नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आहे, आणि कुठलीही पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएलबी आहे. दोन्हीला राज्याची सीईटी. आमच्या क्षेत्रात कोड वाचता येणारा वकील म्हणजे सोन्याहून पिवळं. उलट पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायचं तर विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी मागतात, नुसत्या कायद्याच्या पदवीवर भागत नाही. आत्ता चव घ्यायची असेल तर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे वायपोचा, डीएल-१०१ हा ऑनलाइन कोर्स फुकट आहे. मोबाइलवर होतो. इंग्रजीची भीती असेल तर शब्दकोश उघडून करा, मीही तसाच केला.

खर्चाचं पण सांगते. सनद घ्यायला राज्याराज्यांत हजारो रुपये घेत होते. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायद्यात आहे तेवढीच फी घ्या: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम. त्यात टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, पण कुठे काय आहे हे माहीत नसेल तर पानं उलटण्यातच वेळ जातो.

सुरुवातीची वर्षं मात्र कोरडी असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलंय. सुचवलंय, सक्ती नाही. प्रत्यक्षात काही ठिकाणी यापेक्षा बरंच कमी मिळतं, तर हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतल्या कायदा विभागात बरं मिळतं. घरी बोलताना हा आकडा लपवू नकोस. दोन-तीन वर्षं स्वारगेटची एसटी आणि घरचा डबा यावर काढायची तयारी आहे का, हे आई-वडिलांनाही आधीच कळू दे.

पुढच्या एपिसोडमध्ये कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सचे करार मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तुमच्याकडे असेल तर स्वतःचं नाव-नंबर खोडून पाठवा.