जिथे गावकूस नाही, तिथली वाडी

‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आपल्या साहित्यात इतका रुळला आहे की तो उच्चारताच सारे काही सांगून झाले असे आपल्याला वाटते. देशावरच्या गावाला खरोखरच कूस असे. भिंत असे, वेस असे, आणि वेशीबाहेर महारवाडा असे. पण मी ज्या मुलखात जन्मलो त्या तळ्याच्या परिसरात गावाला कूसच नाही. रायगड जिल्ह्यातला हा डोंगराळ भाग पूर्वी माणगाव तालुक्यात मोडे आणि १९८१ पर्यंत जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. इथले गाव एका जागी वसलेले नसते. एक आळी इकडे, कुणबीवाडी टेकाडाखाली, गवळवाडी रानाच्या कडेला, कातकऱ्यांच्या झोपड्या त्याहून लांब. मधे भातखाचरे, वरकस जमीन, ओढे. भिंत कुठेच नाही. तरीही आमची वाडी गावाबाहेरच होती. भिंत नसताना माणसे बाहेर कशी ठेवता येतात, हे समजून घ्यायचे असेल तर कोकणातली अशी एक वाडी नीट पाहावी लागेल.

आमच्याकडे भिंतीचे काम पाण्याने केले. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला आमचा. गावात जायची वाट बांधावरून, आणि पावसाळ्याचे चार महिने ती बांधावरची वाट म्हणजे चिखल. मला लहानपणी वाटे की वाडी तिथे आहे कारण आजोबा-पणजोबांना ती जागा आवडली असावी. जागा त्यांनी निवडलेली नव्हती, कामाने ठरवलेली होती. गावच्या सीमेची राखण, शिवेच्या भांडणात साक्ष, सरकारी टपाल आणि ऐवज पुढच्या गावी पोचवणे, मयताची वर्दी देणे, मेलेले जनावर ओढणे ही महारकीची कामे. ज्याने हाकेच्या अंतरावर असावे पण अंगणात येऊ नये, त्याचे घर कुठे असणार? ते असे मधल्या अंतरावरच असणार. वाडीचे ठिकाण हा त्या कामाचा नकाशा आहे.

या कामाच्या बदल्यात वतन होते, असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले, कारण वतन ही मिळकत नसून बेडी आहे, हे त्यांनी ओळखले होते. प्रत्यक्षात ती बेडी कायद्याने तुटली १ ऑगस्ट १९५९ रोजी. जमीन परत मिळवायला कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. आमच्या भागात तर वतनाची जमीन मुळातच थोडी. खोताच्या जमिनीवर झोपडे, खोताच्या शेतात राबणे. खोती नष्ट करण्याचे बिल बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातला शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेला. कायदा झाला १९४९ साली. खोत गेला, पण घराखालची जमीन कुणाच्या नावावर, हा प्रश्न आमच्या वाडीत उरलाच.

जमीन नाही, म्हणून वाडीने मुंबई धरली. त्याआधी लष्कर होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. हा योगायोग नव्हे. शिपाईगिरीने अक्षरओळख दिली होती. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली आणि लोक गोदीत, गिरणीत, रेल्वेत शिरले. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळींतल्या एकेका खोलीत गावचे दहा-दहा गडी राहत. त्यांची मुले चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, कळवा अशा उपनगरांत गेली. मीही त्यांतलाच. तेव्हापासून आमची वाडी दोन ठिकाणी नांदते. वर्गणी मुंबईत निघते, विहार गावात बांधला जातो. लग्न गावात ठरते, पण त्यासाठीची बैठक उपनगरातल्या एखाद्या शाळेच्या खोलीत बसते. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेकांना परत गावी यावे लागले. तेव्हा ज्या वाडीला आम्ही मे महिन्याची जागा समजत होतो, तिनेच त्यांना पोसले.

आता नावाविषयी. १९५६ च्या धर्मांतरानंतर वाडीने स्वतःला बौद्धवाडी म्हटले. कागदावर मात्र बराच काळ जुनेच नाव चालत राहिले. मग ११ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय काढला. समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णय चांगलाच. पण बदलायच्या नावांच्या यादीत महारवाड्याबरोबर बौद्धवाडाही होता. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या वाडीची बैठक बसली, तेव्हा मुंबईची तरुण मुले नव्या पाटीसाठी उत्सुक होती. माझ्या चुलत आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “महारवाडा लोकांनी ठेवला होता रे बाळांनो. बौद्धवाडी आम्ही ठेवली. दोन्ही एकच कशी?”

बैठक गप्प झाली. मुलांचेही चुकत नव्हते. त्या नावावरून शाळेत, नोकरीत, भाड्याची खोली शोधताना जात ओळखली जाते, हा त्यांचा रोजचा अनुभव. पण आजीचा प्रश्न नावाच्या मुळाशी जातो. नाव वाईट की चांगले, यापेक्षा ते कोणी ठेवले, हे आधी विचारायला हवे.

दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या घराने शिकवला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमच्या घराची कौले उडाली, वासे मोडले. भरपाईसाठी गेलो तर टेबलामागच्या माणसाने विचारले, “घर कुणाच्या नावावर?” घरपट्टीची पावती आजोबांच्या नावाची, सातबारा तिसऱ्याच माणसाचा. चार पिढ्या ज्या जमिनीवर राहिल्या तिथे माझे नाव नव्हते. त्या दिवशी मला कळले की आमच्या गावाला कूस आहे. ती कागदाची आहे.

म्हणून कोणी असे समजू नये की कागद आला की सारे आले. आमच्याच जिल्ह्यातला महाडचा इतिहास पाहा. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण ओंजळीत पाणी नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले, तेव्हा ते पाणी ओंजळीत आले. मग प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. पाऊल टाकायला एक दिवस लागला, ते पाऊल कागदावर उमटायला दहा वर्षे. या दोहोंपैकी एक सोडून चालत नाही.

तळ्याजवळ कुडे गावच्या डोंगरात सव्वीस लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरली आहेत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत. ती माणसे आमचे पूर्वज होती, असा दावा मला करायचा नाही. मला एवढेच दिसते की त्यांनी आपले नाव, काम आणि गाव स्वतः सांगून दगडात घातले.

आमच्या बैठकीत नव्या पाटीचा निर्णय झाला नाही. झाला तो असा: प्रत्येक घराने आपल्या पाच पिढ्यांची नावे, त्यांनी केलेली कामे आणि घराखालच्या जमिनीचा क्रमांक एका वहीत लिहायचा. मुंबईकरांनी जुने उतारे काढायचे, गावकऱ्यांनी म्हाताऱ्यांना विचारायचे. वही अजून पुरी झालेली नाही. आपापल्या वाडीत अशी वही कोणी सुरू केली, तर पाटीवर काय लिहायचे ते त्या वहीतूनच ठरेल.