समुद्राला सातबारा नसतो

नारपोलीत राहणाऱ्या माणसाला शांततेची सवय नसते. भिवंडीच्या या भागात सकाळी डोळे उघडतात ते यंत्रमागांच्या खटखटीने आणि रात्री मिटतात तेही त्याच खटखटीवर. आमच्याकडे पाहुणे आले, की बिचाऱ्यांची पहिली रात्र तळमळण्यात जाते. आम्हांला मात्र वीज गेली आणि माग थांबले, की दचकून जाग येते! असा मी, कॉलेजात मराठी शिकवणारा एक मास्तर, गेल्या दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब वरोरला चार दिवस राहून आलो, आणि तेव्हापासून माझी झोप मागांशिवायच उडाली आहे.

वरोर हे माझ्या एका सहकाऱ्याचे आजोळ. भिवंडी रोड स्टेशनावर गाडी पकडून वसई गाठावी, तिथे डहाणूची गाडी धरावी आणि वाणगावला उतरून किनाऱ्याची वाट घ्यावी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा सारा मुलूख आमच्याच ठाणे जिल्ह्यातला. म्हणजे एका अर्थी मी माझ्या जुन्या जिल्ह्यातच फिरायला गेलो होतो. वाटेत चिकूच्या वाड्या लागल्या. चिकू म्हणजे घोलवड-डहाणूचा, हे मुंबईच्या बाजारात कुणाला सांगावे लागत नाही. २०१६ साली या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले.

गावाच्या भिंतींवर जागोजागी एकच ओळ रंगवलेली दिसली : ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.’ आमच्या धाकट्या चिरंजीवांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारले, “बाबा, बंदर तर चांगलं असतं ना? भूगोलात आम्हांला नैसर्गिक बंदराचे फायदे लिहायला असतात.”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी संध्याकाळपर्यंत लांबणीवर टाकले, कारण ते मलाच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी ओहोटीच्या वेळी आम्ही शेजारच्या वाढवणला गेलो. चौपाटी म्हटली की मऊ वाळू डोळ्यांपुढे येते. इथे दूरवर काळे खडक पसरलेले, आणि त्यांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात सगळीकडे काही ना काही वळवळत होते. बायका हातात कोयती घेऊन कालवे काढत होत्या, पोरे चिंबोऱ्यांच्या मागे लागली होती. याच खडकांत शंखोदर नावाचे ठिकाण आहे. गावकरी ते पवित्र मानतात. सहकाऱ्याचे मामा आमच्याबरोबर होते. ते म्हणाले, “मास्तर, तुम्हांला हा नुसता दगड दिसतो. आमच्या लेखी हे बाळंतिणीचं घर आहे. मासा इथं येतो, अंडी घालतो, पिल्लं मोठी होतात आणि मग सातपाटीपासून खाली सगळ्यांच्या जाळ्यांत जातात.”

बाळंतिणीचे घर! इतकी वर्षे वर्गात रूपक अलंकार शिकवतो आहे, पण असे उदाहरण मला सुचले नव्हते.

आता थोडा इतिहास सांगायला हवा. डहाणू तालुक्याला भारत सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरवले. उद्योगांचे लाल, नारिंगी आणि हिरवा असे तीन वर्ग पाडले. लाल वर्गातल्या, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योगांना तालुक्यात मज्जाव झाला, आणि सगळ्या उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली गेली. पण अधिसूचना निघते आणि फायलीत झोपते, हा आपल्या देशातला जुना अनुभव. लोक न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डहाणूसाठी एक स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. घरातच गांधीविचार वाढलेला. ३ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही.

हे प्राधिकरण कागदी नव्हते. डहाणूला ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आधीच उभे राहिले होते. त्याच्या धुरातील गंधकाचा अंश काढून टाकणारे संयंत्र बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. खर्चाचा विषय म्हटल्यावर टाळाटाळ आलीच. पण प्राधिकरणाने पिच्छा सोडला नाही आणि २००७ साली ते संयंत्र सुरू झाले. चिकूच्या बागायतदारांना या एका गोष्टीचे मोल विचारावे!

वाढवणच्या बंदराची पहिली फेरी याच काळातली. १९९७ च्या सुमारास एका परदेशी कंपनीच्या साहाय्याने इथे प्रचंड बंदर बांधण्याचे घाटत होते. कोळी, बागायतदार, शेतकरी, आदिवासी असे सगळे एक झाले. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने निर्णय दिला, की डहाणूच्या नाजूक प्रदेशात असे बंदर बसू शकत नाही. कंपनीने गाशा गुंडाळला. गावाने गुलाल उधळला असेल तर त्यात नवल नाही. कारण आपल्याकडे अशा लढाया लोक सहसा हरतात. १९२१ साली मुळशी पेठेतल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे जाऊन धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. शेवटी जमीन पाण्याखाली गेलीच. आणि या डहाणू-तलासरीच्या मातीला तर लढ्याची जुनी ओळख. १९४५ साली इथलाच वारली वेठबिगारीविरुद्ध उठला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना ते सांगायला नको.

पण जागा राहणे हे जागे होण्यापेक्षा अवघड. २०१५ साली बंदराची कल्पना पुन्हा वर आली. या वेळी परदेशी कंपनी नव्हती. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ हे दोघे भागीदार. शिवाय अडचणीचा जो शब्द होता, तोच बदलला. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे आणि धक्के ‘उद्योग नसलेल्या’ कामांच्या वर्गात घातले, आणि जूनमध्ये पर्यावरण मंत्रालयानेही तसेच म्हटले. मी भाषेचा माणूस. एका शब्दाची जागा बदलली, की एका तालुक्याचे नशीब कसे बदलते, हे मला व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात सापडले नव्हते. खडक तेच, भरती-ओहोटी तीच, बांधायचे बंदर मात्र पूर्वीपेक्षा मोठे. आणि तरी ते आता ‘उद्योग’ राहिले नाही!

डिसेंबर २०२० मध्ये किनारपट्टीवरील मच्छीमारांनी बंद पाळला. मोर्चे निघाले, निवेदने गेली. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांच्या हाताखाली, काही अटी घालून बंदराला अनुमती दिली. गंमत अशी, की त्यानंतर लवकरच पापलेटाला महाराष्ट्राचा ‘राज्यमासा’ म्हणून मान मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांच्या याचिका फेटाळल्या. १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

दुसरी बाजू सांगितली नाही तर मास्तरकीला बट्टा लागेल. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुमारे २० मीटरांची नैसर्गिक खोली इथे मिळते. जगातली सर्वांत मोठी कंटेनरवाहू जहाजे थेट लागू शकतील. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के व्हायचे आहेत. सरकार लाखो रोजगारांचे सांगते. आमच्या नारपोलीच्या आजूबाजूला, अंजूरफाट्यापासून काल्हेर-कशेळीपर्यंत, गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. तिथे उतरणाऱ्या मालावर माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरच्या चुली पेटतात. परत आल्यावर मी वर्गात हा विषय काढला, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझे वडील हमाली करतात. बंदर झालं तर मला तिथं कारकुनी तरी मिळेल. चिकू खाऊन पोट भरतं का?” त्याला काय सांगावे? सौभाग्यवतींनीही वरोरहून परतताना गाडीत टोमणा मारलाच होता : “फोनपासून मिक्सरपर्यंत आपल्या घरात निम्म्या वस्तू बंदरातून आलेल्या. विरोध करायला आधी घर रिकामं करा!”

म्हणून मी बंदरे नकोतच असे म्हणणार नाही. मला खटकते ते निराळेच. सरकार म्हणते, बंदर समुद्रात भराव घालून होणार, सबब वाढवणचे एकही घर उठणार नाही. हे खरेही आहे. भराव १,४४८ हेक्टरांचा, समुद्रातच. पण मामांनी ओहोटीत उभे राहून जे सांगितले, ते त्या कागदात कुठे बसवायचे? ते म्हणाले होते, “शेतकऱ्याची जमीन घेतली तर त्याच्याकडे सातबारा असतो, तो दाखवून मोबदला तरी मागतो. समुद्राला सातबारा नसतो हो. आजोबा या खडकावर यायचा, बाप यायचा, मी येतो. याचा दाखला कुठल्या तलाठ्याकडं मागू?”

घर शाबूत राहील. पण घराच्या दारातून जिथे जायचे ती जागाच उरणार नाही. याला विस्थापन म्हणायचे नाही, तर आपल्या कोशात दुसरा शब्द कोणता आहे?

लोकांना विचारून पाहण्याचा एक प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये पेण भागातील २२ गावांत, सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला होता. शेतकरी रांगा लावून आले. पुढे तो सेझ काही उभा राहिला नाही. कौल घेतल्याने आभाळ कोसळले नाही आणि राज्यही थांबले नाही. मग असे विचारणे हा नियम न होता अपवाद का राहावा?

नारपोलीला परतलो त्या संध्याकाळी आमच्या शेजारचे एक वृद्ध आगरी गृहस्थ ओट्यावर भेटले. त्यांच्या लहानपणी इथे भातशेती होती. कामवारी नदीत त्यांनी मासे धरले आहेत. आज तिच्या पाण्यात रंगाईचे आणि गटारांचे पाणी मिसळते. मासा धरणे दूरच, पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. मागांनी इथे हजारो घरे जगवली हेही खरे, आणि नदी गेली हेही खरे. मी त्यांना वाढवणची सगळी हकीकत सांगितली. जहाजे, धक्के, कोट्यवधी रुपये यांतल्या कशाचेच त्यांना अप्रूप वाटले नाही. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले,

“मास्तर, ती लोकं भांडली तरी. एकदा जिंकली पन. आमची नदी गेली, तवा कोन भांडलाच नाय. कोनी इचारलं नाय, आन् आमी पन कोनाला इचारलं नाय.”

समोरच्या खोल्यांतून माग खटखटत होते. घरोघर आकाशकंदील लागले होते. चिरंजीवांना द्यायचे उत्तर अजून बाकी होते, म्हणून मी त्याला बोलावून घेतले आणि सांगितले, “बंदराचे फायदे परीक्षेत जरूर लिही. सगळे लिही. फक्त शेवटी एक ओळ वाढव, की ते फायदे कुणाच्या अंगणात उभे राहतात, हे आधी त्या अंगणवाल्याला विचारावं लागतं.”

तो म्हणाला, “त्याला मार्क मिळतील?”

मी मास्तर असूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही.